इलेक्ट्रिक गाडीतलं ब्रेक ऑइल कमी होतंय? आधी कारण शोधा, मग ऑइल भरा



आता शाळेच्या फाटकाबाहेर मुलांना सोडायला येणाऱ्या गाड्यांमध्ये हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या बऱ्याच दिसतात. इलेक्ट्रिक गाडी घेतली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, देखभालीची कटकटच संपली." ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण या गाडीतही एक द्रव असा आहे, ज्याच्या भरवशावर मागच्या सीटवर बसलेली आपली मुलं सुरक्षित असतात. तो म्हणजे ब्रेक फ्लुइड. आपण सगळे त्याला ब्रेक ऑइलच म्हणतो, म्हणून या लेखातही तोच शब्द वापरला आहे.

या ऑइलची पातळी कमी झाली की साधारणपणे काय होतं? गॅरेजमध्ये गाडी जाते, डबीत ऑइल भरलं जातं, दिवा विझतो आणि आपण निर्धास्त होतो. पण दिवा विझला म्हणजे दोष गेला असं नाही. ताप उतरवायची गोळी दिली म्हणून आजार बरा होत नाही, तसंच हे आहे. इलेक्ट्रिक गाडीत तर ही सवय जास्त धोक्याची ठरते. असं का, गळती कशी ओळखायची, दुरुस्ती करताना काय काय झालं पाहिजे आणि हाच विषय वर्गात कसा शिकवता येईल, हे आज क्रमाने पाहू या.

१. ब्रेक ऑइल नेमकं काय करतं?

फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यांचा नियम आपण विज्ञानात शिकवतो. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळ्या दिशांना सारखाच पोहोचतो. गाडीचा ब्रेक याच नियमावर चालतो. १९२१ साली अमेरिकेतल्या ड्युसेनबर्ग कंपनीच्या मोटारीत चारही चाकांना द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. आज शंभर वर्षांनंतर, बॅटरीवर चालणाऱ्या गाडीतही मूळ तत्त्व तेच आहे.

आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो. त्याने ऑइलवर दाब येतो. तो दाब लोखंडी आणि रबरी नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. डिस्क ब्रेक असेल तिथे कॅलिपरमधला दट्ट्या पॅडला डिस्कवर दाबतो. ड्रम ब्रेक असेल तिथे व्हील सिलिंडर ब्रेक शूंना बाहेर ढकलतो.

सोपे आकडे घेऊ. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर आणि कॅलिपरच्या दट्ट्याचं २१ चौरस सेंटिमीटर असेल, तर चाकापाशी सातपट बल मिळतं. ऑइल दाबाने आकसत नाही, म्हणूनच हे जमतं. त्यात हवा शिरली तर? हवा आकसते. मग पायाचा जोर ती हवा दाबण्यातच जातो, पेडल स्पंजसारखं मऊ लागतं आणि चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. ऑइल गळून डबी रिकामी होत गेली की हीच हवा नळ्यांमध्ये शिरते.

२. ब्रेक ऑइल "संपत" नाही

पेट्रोल जळतं आणि संपतं. ब्रेक ऑइल जळत नाही, खर्च होत नाही, बंदिस्त नळ्यांतून ते वाफ होऊन उडूनही जात नाही. मग डबीतली पातळी खाली का जाते? कारणं दोनच आहेत.

पहिलं, ऑइल गाडीतच आहे, पण त्याने जागा बदलली आहे. पॅड झिजले की कॅलिपरचा दट्ट्या थोडा बाहेर येऊन तिथेच राहतो. त्याच्या मागे तयार झालेली पोकळी भरायला डबीतलं ऑइल खाली उतरतं. हे नैसर्गिक आहे.

दुसरं, ऑइल कुठून तरी बाहेर पडतं आहे. म्हणजे गळती.

या दोन कारणांमधला फरक गणिताने कळतो. आपलंच उदाहरण पुढे नेऊ. दट्ट्याचं क्षेत्रफळ २१ चौरस सेंटिमीटर आहे. एका चाकाचे दोन्ही पॅड प्रत्येकी १ मिलिमीटर झिजले, तर दट्ट्या २ मिलिमीटर, म्हणजे ०.२ सेंटिमीटर बाहेर येईल. २१ × ०.२ = ४.२ मिलिलिटर. पुढच्या दोन्ही चाकांचे मिळून ८.४ मिलिलिटर.

आता समजा, एका महिन्यात डबीत ५० मिलिलिटर ऑइल भरावं लागलं. एवढं ऑइल केवळ झिजेमुळे उतरलं असेल, तर पुढचा प्रत्येक पॅड त्या महिन्यात साधारण ६ मिलिमीटर झिजलेला असला पाहिजे. नव्या पॅडचा घासणारा थर साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतो. एका महिन्यात निम्म्याहून जास्त पॅड झिजेल का? रोजच्या वापरात नाही. म्हणजे गळती आहे. दट्ट्याचा आकार गाडीप्रमाणे बदलतो, पण हिशोबाची रीत हीच.

म्हणून एक सवय लावून घ्या. कधीही ऑइल भरावं लागलं तर किती मिलिलिटर भरलं ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. "थोडंसं टाकलं" या उत्तरावर समाधान मानू नका.

३. इलेक्ट्रिक गाडीत वेगळं काय आहे?

भाईंदर स्टेशनात थांबणाऱ्या नव्या पद्धतीच्या लोकलचं उदाहरण घ्या. या गाड्या वेग कमी करताना मोटरला जनित्र बनवतात आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत सोडतात. इलेक्ट्रिक मोटारही हेच करते, फक्त वीज तारेऐवजी बॅटरीत जाते. यालाच रिजनरेटिव्ह ब्रेकिंग किंवा सोप्या भाषेत रिजन म्हणतात. याचे पाच परिणाम ब्रेक ऑइलच्या विषयाशी जोडलेले आहेत.

(अ) पॅड फार हळू झिजतात. बरंचसं थांबवण्याचं काम मोटर करते. त्यामुळे "पॅड झिजले असतील म्हणून पातळी उतरली असेल" हा पेट्रोल गाडीतला अंदाज इथे सहसा लागू पडत नाही. पातळी लक्षात येण्याइतकी उतरली तर पहिला संशय गळतीवरच घ्यायचा.

(आ) दोष लपून राहतो. शहरात हळू चालवताना रिजनच गाडी थांबवत आणते. खरा ब्रेक क्वचित आणि हलकाच लागतो. त्यामुळे तो कमजोर झाल्याचं चालवणाऱ्याला कळत नाही. ज्या दिवशी एखादं मूल अचानक रस्त्यावर धावत येतं, त्या दिवशी मात्र पूर्ण जोराचा ब्रेक लागतो आणि तो ऑइलच्या दाबावरचाच असतो.

(इ) बॅटरी भरलेली असेल तर रिजन कमी मिळतं. हा मुद्दा बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. समजा, तुम्ही लोणावळ्याला बॅटरी शंभर टक्के भरली आणि लगेच खोपोलीच्या बाजूला घाट उतरायला लागलात. माणसांसह गाडीचं वजन १६०० किलो आणि उतरायची उंची ५०० मीटर धरली, तर स्थितिज ऊर्जा १६०० × ९.८ × ५०० म्हणजे सुमारे ७८ लाख ज्यूल होते. विजेच्या भाषेत साधारण २.२ युनिट. बॅटरीत जागा असती तर यातला मोठा वाटा तिच्यात गेला असता. बॅटरी भरलेली असल्यामुळे तो भार पॅड आणि डिस्कवर येतो आणि त्याची उष्णता होते. अशा वेळी ऑइल कमी किंवा जुनं असेल तर मामला गंभीर होतो.

(ई) वापर कमी म्हणून गंज जास्त. डिस्क रोज घासली गेली की स्वच्छ राहते. इलेक्ट्रिक गाडीत ती कमी घासली जाते, त्यामुळे डिस्क आणि कॅलिपरवर गंज धरतो. दट्ट्याभोवतीचं रबर फाटलं, आत पाणी गेलं आणि दट्ट्याला गंज चढला, की सील खराब होऊन ऑइल पाझरायला लागतं.

(उ) एक संशयित आपोआप कमी होतो. गिअरच्या अनेक गाड्यांत क्लचलाही याच डबीतून ऑइल जातं, म्हणून तिथे क्लचची गळतीही तपासावी लागते. इलेक्ट्रिक गाडीत क्लचच नाही. शोध फक्त ब्रेकपुरता मर्यादित राहतो.

४. मोरव्यासारख्या ठिकाणी जास्त लक्ष का द्यायचं?

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाताना मुर्धा, राई, मोरवा ही गावं लागतात. आजूबाजूला खाडी, खाजण आणि मिठागरं. समुद्रही जवळच. इथल्या घरांच्या खिडक्यांचे गज, गेटच्या कड्या आणि सायकलच्या साखळ्या किती लवकर गंजतात, हे इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मिठाचे कण ओलावा धरून ठेवतात आणि मिठाच्या ओलाव्यात लोखंड लवकर गंजतं. गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या लोखंडी ब्रेक पाइपांनाही हा नियम लागू आहे.

पाइप जिथे क्लिपमध्ये अडकवलेले असतात, तिथे चिखल आणि क्षार साठतात. वरून पाइप ठीक दिसतो आणि क्लिपखाली तो कुरतडला जातो. त्यात पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, भरतीचं खारं पाणी लागलं आणि नंतर खालून धुतलीच नाही, तर गंजायला वेळ लागत नाही. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांना खालून प्लॅस्टिकचं आवरण असतं. त्यामुळे गळलेलं ऑइल आवरणातच साठतं आणि जमिनीवर थेंबही दिसत नाही.

उपाय साधे आहेत. खाऱ्या पाण्यातून गाडी गेली तर साध्या पाण्याने खालची बाजू धुऊन घ्या, पण दाबाच्या फवाऱ्याचा जोर केबल आणि जोडण्यांवर थेट मारू नका. आठवड्यातून एकदा, मागे कोणी नाही असं पाहून, रिजन कमी करून खरा ब्रेक चार-पाच वेळा नीट दाबा. डिस्क घासून साफ होते. पावसाळ्यानंतर एकदा गाडी वर उचलून सगळे पाइप बघून घ्यायला सांगा.

५. गळती ओळखायची कशी?

पायरी पहिली – पातळी बघा. गाडी सपाट जागी उभी करा, बंद करा आणि बोनेट उघडा. ब्रेक ऑइलची डबी सहसा चालकाच्या बाजूला, मागच्या भिंतीलगत असते. तिच्यावर किमान आणि कमाल अशा दोन रेघा असतात. झाकण न उघडता बाहेरूनच बघा, कारण हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. आजची पातळी जिथे आहे तिथे डबीवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा आणि तारीख लिहा. आठवड्याने पुन्हा त्याच जागी गाडी उभी करून बघा. केशरी रंगाच्या जाड केबलना मात्र हात लावू नका, त्यांतून बॅटरीची उच्च दाबाची वीज जाते.

पायरी दुसरी – थेंब ओळखा. रात्री गाडीखाली पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र अंथरा. सकाळी डाग दिसला तर तो कसला आहे हे असं ओळखता येईल:

• स्वच्छ पाणी, वास नाही, एसी चालवल्यानंतर पुढच्या बाजूला – एसीचं पाणी. काळजी नको.
• निळा, हिरवा, गुलाबी असा ठळक रंग – बॅटरी किंवा मोटर थंड ठेवणारं कूलंट. हाही दोषच, पण ब्रेकचा नाही.
• जाडसर आणि पाण्यावर तरंगणारं – मोटरच्या गिअरपेटीतलं तेल असण्याची शक्यता.
• फिकट पिवळसर किंवा जुनं असल्यास तपकिरी, पातळ, ओशट, पाण्यात टाकल्यावर मिसळून जाणारं – ब्रेक ऑइल.

पाण्यात मिसळतं की तरंगतं, हे टाकाऊ प्लॅस्टिकच्या झाकणात एक थेंब टाकून बघता येतं. हातमोजे घाला आणि घरातलं भांडं वापरू नका. ब्रेक ऑइल विषारी आहे आणि गाडीचा रंगही खराब करतं. मुलांना आणि पाळीव प्राण्यांना त्यापासून लांब ठेवा.

पायरी तिसरी – पेडल तपासा. गाडी उभी, पार्किंग ब्रेक ओढलेला. गाडी सुरू करा. त्या वेळी पेडल किंचित खाली जातं, ते नैसर्गिक आहे. मग पेडल घट्ट दाबून अर्धा मिनिट तसंच धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं तर दाब कुठून तरी निसटतो आहे. स्पंजसारखं मऊ लागलं तर आत हवा आहे. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. पेडल बसतंय पण पातळी अजिबात उतरत नाही, असं असेल तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर खराब असू शकतं. ऑइल आतल्या आत मागे फिरतं, बाहेर येत नाही.

काही नव्या इलेक्ट्रिक गाड्यांत पेडलचा स्पर्श कृत्रिमरीत्या दिलेला असतो. तिथे दोष असूनही पेडल चांगलं लागू शकतं. म्हणून केवळ पायाच्या अंदाजावर विसंबू नका. पातळी आणि दिवा यांना जास्त महत्त्व द्या.

पायरी चौथी – जागा शोधा. हे काम मेकॅनिकचं, पण तो कुठे कुठे बघतो हे आपल्याला माहीत असलं तर योग्य प्रश्न विचारता येतात. शोध चाकांकडून डबीकडे न्यावा.

• चाकांची आतली बाजू: टायरच्या आतल्या भिंतीवर ओशट ओल दिसते का?
• डिस्क ब्रेक: दट्ट्याचं सील, हवा काढायचा निपल, रबरी नळीच्या बोल्टखालचे वॉशर.
• ड्रम ब्रेक: व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून आत ओल आहे का ते बघणं. इथे गळलेलं ऑइल ड्रमच्या आतच राहतं, बाहेर उशिरा दिसतं. इलेक्ट्रिक म्हणजे चारही चाकांना डिस्कच, असं धरून चालू नका. २०२० साली आलेली नेक्सॉन ईव्ही आणि त्यानंतरची टियागो ईव्ही या गाड्या पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशा रचनेने आल्या होत्या. त्यामुळे मागचा ड्रम उघडून बघितला का, हे विचाराच.
• रबरी नळ्या: वाकवून बघितल्यावर चिरा दिसतात का, फुगवटा आहे का?
• लोखंडी पाइप: खालचं आवरण काढून, प्रत्येक क्लिपपाशी.
• एबीएसचं युनिट: पाइपांच्या जोडण्या.
• मास्टर सिलिंडर: तो बूस्टरला जिथे जोडला आहे तो सांधा. व्हॅक्यूम बूस्टर असेल तर मागच्या सीलमधून गळलेलं ऑइल बूस्टरच्या पोटात जातं आणि बाहेर काहीच दिसत नाही. पातळी उतरते आहे पण कुठेही थेंब नाही, अशा वेळी इथे बघायचं.
• डबी: झाकण, तडा, आणि डबी सिलिंडरवर बसते तिथलं रबर.

६. लाल दिवा लागला तर त्या क्षणी काय करायचं?

गोलात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा बऱ्याच गाड्यांत पार्किंग ब्रेक आणि ब्रेक ऑइल या दोन्हींसाठी एकच असतो. "हँडब्रेक राहिला असेल" म्हणून तो दुर्लक्षित होतो. पार्किंग ब्रेक सोडूनही दिवा विझत नसेल, तर ऑइलची पातळी उतरलेली असू शकते. सुरुवातीला तो फक्त वळणावर किंवा उतारावर लुकलुकतो, कारण डबीतलं ऑइल एका बाजूला कलतं. तो लुकलुकणं हीच पहिली सूचना समजा.

दिवा लागला तर गाडी हळूहळू डावीकडे घेऊन थांबवा आणि पुढे चालवू नका. ब्रेकची यंत्रणा दोन स्वतंत्र भागांत विभागलेली असते. एका भागातलं ऑइल गेलं तरी दुसरा भाग काम करतो. पण गाडी थांबायला खूप जास्त अंतर लागतं. "ब्रेक लागतोय की, जाऊ घरापर्यंत" हा विचार म्हणूनच धोक्याचा.

चालत्या गाडीत पेडल खाली गेलं तर घाबरून न जाता ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. रिजनने वेग कमी होऊ लागेल. पेडल भराभर दोन-चार वेळा दाबा. हॅझर्ड लाइट लावा, हॉर्न वाजवा. तरीही गाडी थांबत नसेल तर पार्किंग ब्रेक हळूहळू ओढा. बटणाचा पार्किंग ब्रेक असेल तर अनेक गाड्यांत बटण ओढून धरल्यावर गाडी थांबते. आपल्या गाडीत काय सोय आहे हे पुस्तिकेत आजच वाचून ठेवा. आणि टोइंगला सांगताना "इलेक्ट्रिक गाडी आहे, सपाट ट्रकवरच न्या" हे आवर्जून सांगा. ज्या चाकांना मोटर जोडलेली आहे ती रस्त्यावर फिरवत नेली तर मोटर वीज तयार करते आणि नुकसान होऊ शकतं.

७. दुरुस्ती करताना काय झालं पाहिजे?

दुरुस्ती म्हणजे गळणारा भाग बदलणं. ऑइल भरणं ही त्यातली शेवटची पायरी. घरी करायचं हे काम नाही. इलेक्ट्रिक बूस्टर असलेल्या गाड्यांत दार उघडलं तरी यंत्रणा जागी होऊन दाब तयार करू शकते आणि कॅलिपरपाशी असलेली बोटं चिरडू शकतात. म्हणून आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये टाकावी लागते. जॅकही ठरलेल्या जागीच लावायचा, बॅटरीच्या पेटीला कधीच नाही. इलेक्ट्रिक गाड्यांचं काम जाणणारा मेकॅनिक निवडा आणि बिल देण्याआधी हे प्रश्न विचारा:

१. गळती नेमकी कुठे होती? काढलेला भाग दाखवा.
२. व्हील सिलिंडर बदलला असेल तर दोन्ही बाजूंचे बदलले का? एका बाजूचा गेला की दुसऱ्याचं वयही तेवढंच असतं.
३. ऑइलमध्ये भिजलेले पॅड किंवा शू बदलले का? ते धुऊन परत लावणं बरोबर नाही. घासणारा थर ऑइल शोषतो, आणि मग एका बाजूचा ब्रेक कमी लागून गाडी ओढते.
४. गंजलेला पाइप पूर्ण बदलला का? ब्रेक पाइपला डिंक, टेप, क्लॅम्प असली जोडतोड चालत नाही.
५. हवा पूर्ण काढली का? कोणत्या चाकापासून सुरुवात करायची हा क्रम गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. एबीएस आणि इलेक्ट्रिक बूस्टरमधली हवा काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनर जोडावा लागतो.
६. ऑइल बंद डब्यातलं नवीन होतं का? काढलेलं ऑइल परत वापरायचं नाही आणि गटारातही ओतायचं नाही.
७. शेवटी सगळे सांधे कोरडे पुसून, पेडल दाबून धरून पुन्हा तपासले का?

गाडी घरी आणल्यावर डबीवर पुन्हा चिकटपट्टी लावा. आधी मोकळ्या जागी अगदी हळू चालवून ब्रेक बघा. महिनाभर दर आठवड्याला पातळी बघा. ती हलली नाही, तरच दुरुस्ती झाली असं म्हणायचं.

८. कोणतं ऑइल?

डबीच्या झाकणावर डॉट ३, डॉट ४ असं लिहिलेलं असतं. तेच वापरायचं. या ऑइलला ओलावा शोषण्याचा गुण असल्यामुळे प्रत्येक प्रकाराला दोन किमान उत्कलनबिंदू ठरवून दिलेले आहेत. एक नव्या, कोरड्या ऑइलचा आणि दुसरा साधारण ३.७ टक्के पाणी मुरलेल्या ऑइलचा.

• डॉट ३: नवं २०५ अंश, पाणी मुरलेलं १४० अंश सेल्सिअस
• डॉट ४: नवं २३० अंश, पाणी मुरलेलं १५५ अंश
• डॉट ५.१: नवं २६० अंश, पाणी मुरलेलं १८० अंश

थोडंसं पाणी मुरलं की उत्कलनबिंदू किती घसरतो ते बघा. घाटात ऑइल उकळलं तर वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ हवेसारखीच आकसते. पॅड झिजले नाहीत म्हणून ऑइलही चांगलंच असेल, असं नाही. गाडी उभी राहिली तरी ओलावा मुरत राहतो. बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. आपल्या दमट हवेत तो नियम चुकवू नये. डॉट ५ हे सिलिकॉनचं, पूर्ण वेगळ्या जातीचं ऑइल आहे. नावात साम्य आहे म्हणून ते इतरांमध्ये मिसळू नका. आणि डबीत चुकूनही इंजिन तेल किंवा पाणी टाकू नका. खनिज तेलाने आतली रबरं फुगतात.

९. वर्गात घेण्यासाठी प्रयोग

साहित्य: सुई नसलेल्या ५ मिलि आणि २० मिलिच्या सिरिंज, सलाईनची स्वच्छ नळी, रंगीत पाणी, पांढरा कागद. ब्रेक ऑइल वर्गात आणू नये.

• दोन्ही सिरिंज नळीने जोडून पाणी भरा, हवा राहू देऊ नका. छोटी दाबा, मोठीवर ठेवलेलं पुस्तक उचललं जातं. मात्र मोठीचा दट्ट्या थोडाच सरकतो. हा झाला पास्कलचा नियम.
• नळीत मुद्दाम हवेचा मोठा बुडबुडा ठेवा. मुलांना दाबायला द्या. "मऊ" पेडल म्हणजे काय, ते बोटाला कळतं.
• मोठीचा दट्ट्या थोडा बाहेर येऊ द्या. छोटीतलं पाणी कमी झालं, पण कागद कोरडा आहे. म्हणजे पाण्याने जागा बदलली. ही पॅडची झीज.
• आता जोड किंचित सैल करा. छोटीतलं पाणी कमी झालं आणि कागदावर डाग पडला. ही गळती.

मग विचारा, "दोन्ही वेळा छोटीतलं पाणी कमी झालं. मग फरक कसा ओळखाल?" मुलं कागदाकडे बोट दाखवतील. पुढचा प्रश्न टाका, "कागदच झाकलेला असेल तर?" मग दट्ट्या किती सरकला ते मोजून किती पाणी गेलं याचा हिशोब मांडायला लावा. वर आपण ५० मिलिलिटरचा जो हिशोब केला, तो मुलं स्वतः करतील.

हा प्रयोग केलेलं मूल घरी जाऊन नक्की विचारेल, "बाबा, आपल्या गाडीची डबी बघितली का?" त्या दिवशी त्याच्याबरोबर बोनेट उघडा आणि चिकटपट्टीवरची तारीख त्यालाच लिहू द्या. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पातळी बघायची आठवण तेच करून देईल.